नळ कोणी जोडला?

साताऱ्याला पाणी डोंगरावरून उतरते, सांगलीला ते नदीतून उपसावे लागते. कासचे पाणी पठारावरून यवतेश्वरच्या अंगाने उताराउताराने शहरात येते. सांगलीत कृष्णाकाठचे जॅकवेल पाणी उचलून माळबंगल्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे ढकलते. या दोन व्यवस्थांबद्दल कागद भरपूर आहेत. धरणाची उंची, पंपांची अश्वशक्ती, टाक्यांची क्षमता, कोणत्या पेठेत किती वाजता चावी सोडायची, सगळे लिहिलेले असते आणि निवडणूक आली की त्यावर भाषणेही होतात. मुख्य जलवाहिनीपासून घरातल्या तोटीपर्यंतचे शेवटचे वीस-तीस फूट मात्र या कागदांत सहसा सापडत नाहीत. मुख्य नळातून जोडणी काढणारा फेरूल कोणी बसवला, पाइप गटाराच्या वरून नेला की पोटातून, सांध्याला काय गुंडाळले, हे ज्याला ठाऊक असते तो माणूस खड्डा बुजवून, पैसे घेऊन जातो आणि त्याचे नावही त्याच्याबरोबर जाते. माझे म्हणणे असे की नळकाम देण्यापूर्वी त्या माणसाकडे परवाना आहे का, एवढेच विचारून भागणार नाही. परवाना कधी मिळाला, त्याचे नूतनीकरण वेळेवर झाले का, त्याच्या नावावर कोणत्या जोडण्या नोंदल्या आहेत, एखादी तक्रार किंवा कारवाई झाली का, हा मागचा हिशेब पाहायला हवा, आणि तो पाहता येणे हा घरमालकाचा हक्क आहे. ही मागणी कोणाला परदेशी थाटाची वाटेल. पण तिची गरज इथल्याच पाण्याच्या इतिहासातून निघते.

जुने पाणकाम उघडे होते. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे साधारण १७१९ ते १७२४ मध्ये, विरूबाई भोसले यांनी बांधवली. (नाव बारामोटेची असले तरी मोटांची सोय पंधरांची आहे, लोकांनी बाराच का धरल्या, हा वेगळा विषय.) बांधवून घेणारीचे नाव आणि साल दगडात कोरलेले आहे, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम स्वतःच सर्वांसमोर होते. थारोळे खचले, चिरा निखळला, तर पाणी शेंदायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दिसे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी वसवलेल्या शहरात यवतेश्वर आणि महादऱ्याच्या बाजूचे पाणी खापरी नळांनी आणले गेले. हे नळ जमिनीखालून जात, म्हणजे काम झाकलेलेच होते. पण ते संपत हौदात, आणि हौद सगळ्यांच्या वापराचा. एखादा नळ फुटला की पेठेचा हौद त्याच दिवशी कोरडा पडे आणि ओरड थेट दरबारापर्यंत जाई. मंगळवार तळे, मोती तळे, फुटका तलाव ही नावे अजून शहराच्या तोंडी आहेत ती या सामायिकपणामुळे. सांगलीचा प्रकार आणखी सरळ. १८०१ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी संस्थानची राजधानी इथे केली, तेव्हा पाण्याचे ठिकाण म्हणजे कृष्णेचा घाट आणि वाड्यावाड्यांतले आड. बिघाड झाला तर तो कोणाच्या हातून झाला हे विचारायला कचेरी लागत नव्हती.

हे चित्र बदलले ते पाणी हौदाऐवजी घरात येऊ लागल्यावर. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि १८५०च्या सव्विसाव्या कायद्याखाली, पाचच वर्षांत, १८५३ मध्ये साताऱ्यात नगरपालिका आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कासच्या तलावाचे पाणी शहरासाठी बांधून घेण्यात आले. कास म्हटले की आता लोकांना रानफुले आठवतात. शहराच्या दृष्टीने ते आधी पाण्याचे नाव आहे. अशा योजनांनी शहरांत एक नवी सीमारेषा आखली. रस्त्यातला नळ सार्वजनिक, तिथून पुढचा खाजगी. अर्ज घरमालकाने करायचा, खर्च त्याचा, पाइप त्याचा. पण भोक पाडायचे ते सगळ्या पेठेच्या नळाला. प्लंबर नावाचा माणूस आपल्या शहरांत अवतरला तो नेमका या सीमारेषेवर. तो पालिकेचा नोकर नाही आणि घरमालकाचा कायमचा माणूसही नाही. खाजगी पैशाने सार्वजनिक नळाला हात लावणारा हा तिसराच कोणी. पालिकेला त्याची भीती वाटणे स्वाभाविक होते, आणि परवाना त्या भीतीतून जन्मला.

ही भीती इंग्रजांच्या देशात फार जुनी. लंडनच्या प्लंबरांच्या मंडळाचे नियम १३६५चे, सनद १६११ची. शिशाचे काम ज्याला येते त्यानेच करावे, आणि ते कोणाला येते हे मंडळाने ठरवावे, असा तो बंदोबस्त. १८८०च्या दशकात तिथे घराघरांतल्या सांडपाण्याच्या नळांतून रोग पसरतात या धास्तीने प्लंबरांच्या देशव्यापी नोंदणीची चळवळ उभी राहिली, आणि त्याच दशकात, १८८८मध्ये, मुंबई महापालिकेचा कायदा झाला. त्यात परवानाधारक प्लंबर हे पात्र ठसठशीत उभे आहे. १९४९च्या प्रांतिक महानगरपालिका कायद्यात तेच पुढे चालत आले. परवाना देणार आयुक्त, रद्द करणार आयुक्त, दराला कमाल मर्यादाही सरकारी बाजूने. या मांडणीत घरमालक कुठे आहे? तो अर्जाच्या शेवटी सही करणारा आहे, एवढेच. परवान्याचे तोंड सुरुवातीपासून कचेरीकडे वळलेले राहिले आणि पाठ ग्राहकाकडे. सव्वाशेहून अधिक वर्षांत हे वळण फारसे कोणी बदलले नाही, असे माझे निदान आहे, आणि आजचे बरेचसे दुखणे त्यातून आले आहे.

दुखणे केवळ पैशाचे असते तर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. सुतार चुकला तर दार कुरकुरते आणि ते त्याच घरात कुरकुरते. नळकामाची चूक शेजाऱ्याच्या पोटात जाते, तीही कधी कधी दहा वर्षांनी. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. चावी सोडली की येते, बंद केली की जाते. चावी बंद झाल्यावर नळातला दाब उतरतो, उताराकडची घरे उरलेसुरले पाणी ओढून घेतात, रिकाम्या पाइपात पोकळी तयार होते आणि सैल सांध्यातून भोवतालची ओल आत शोषली जाते. भोवताली माती असेल तर पाणी गढूळ येते, गटार असेल तर रोग येतो. जुन्या पेठांत, मग ती साताऱ्याची यादोगोपाळ पेठ असो की सांगलीचे गावभाग आणि खणभाग, बोळ इतके अरुंद की नळ आणि गटार यांनी एकमेकांना टाळायचे म्हटले तरी जागा नाही. तिथे जोडणी गटार ओलांडून कशी न्यायची, बाहेर आवरणाचा पाइप घालायचा की नाही, सांधा गटाराच्या पोटात येऊ द्यायचा की दोन हात पुढे घ्यायचा, हा सगळा विवेक त्या एका माणसाचा. त्यात भर म्हणून थेट नळाला मोटार लावून घेण्याची हौस. दाब कमी आला की घरोघरी मोटारी सुरू होतात आणि त्या पाण्याबरोबर गटारही ओढतात. नियमाने ही मोटार लावता येत नाही हे प्रत्येक प्लंबरला माहीत असते. ती लावून देणारा मात्र सहज मिळतो.

२०१२च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची जी साथ आली तिच्यात हजारो माणसे आजारी पडली, काही दगावली. विषाणू हिपॅटायटिस ई, म्हणजे मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून येणारा. शहर कोल्हापूर जिल्ह्यातले असले तरी सांगलीच्या शेजारचेच. पंचगंगेचे प्रदूषण आणि गळके नळ या दोन्हींची तेव्हा चर्चा झाली. २०१४ मध्ये मिरजेत गॅस्ट्रोची साथ आली, तेव्हाही बोट जुन्या जलवाहिन्या आणि गटारे यांच्या सलगीकडेच गेले. सांगलीत तर शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या गाजतो आहे. यावर कोणी म्हणेल की नदीच नासली असेल तर बिचाऱ्या प्लंबरच्या सांध्याला काय दोष? आक्षेप अर्धा खरा आहे. या साथींचे खापर एखाद्या प्लंबरच्या माथी फोडण्याचा माझा इरादा नाही. पण नदीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून जाते, तिथे ते तपासले जाते, क्लोरीन घातले जाते. त्याच्या पुढे जे मिसळते त्याला तसा पहारा नाही. गळती शोधणारे पथक येते, पाइप उघडते, सांधा बदलते, खड्डा बुजवते. तो सांधा कोणी घातला होता हे खड्ड्यात लिहिलेले नसते. ते दप्तरात लिहिलेले असायला हवे आणि दप्तर उघडता यायला हवे.

आता व्यवहाराचा आक्षेप, जो नळ जोडून घेतलेला कोणीही पहिल्याच दमात घेईल: परवाना एकाचा, काम दुसऱ्याचे. अर्जावर परवानाधारकाची सही आणि शिक्का, खड्ड्यात उतरणारा त्याच्या हाताखालचा पोरगा, किंवा ज्याचा त्याच्याशी सहीपुरताच संबंध आहे असा तिसरा. मग सही करणाऱ्याचा इतिहास पाहून काय मिळणार? आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे आणि तरीही तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. सही विकता येते याचे कारण तिच्यामागे काहीच जमा होत नाही. एका नावावर एका वर्षात कोणकोणत्या पेठांत किती जोडण्या झाल्या हे कोणी एका जागी मांडत नाही, म्हणून एकाच हाताने हे होणे शक्य नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. नावामागे कामांची यादी लटकू लागली की सही उसनी देणाऱ्याला प्रत्येक उसनवारी आपल्या अंगावर घ्यावी लागेल. परवाना ही एका दिवसाची परीक्षा आहे. त्याचा इतिहास ही वर्षानुवर्षांची हजेरी, आणि सही विकणाऱ्याला हजेरीचीच अडचण होते.

आणखी एक विचार करण्याजोगी विसंगती. पाइपवर आयएसआयचा शिक्का आहे का, हे सामान्य घरमालकही पाहतो. पंप घेताना तर नावच पाहतो. या भागाला त्याचे विशेष कारण आहे: १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळरानावर, आजच्या पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथल्या पंपांनी शेतकऱ्याला यंत्राच्या नावावर विश्वास ठेवायला शिकवले. वस्तूची कुळी आपण विचारतो. ती वस्तू बसवणाऱ्या हाताबद्दल मात्र ‘कोणी सांगितला हा?’ एवढ्यावर थांबतो. उत्तम पाइप वाईट आट्याने वाया जातो, आणि आटे पाडणे पाइपच्या कारखान्यात होत नाही, ते रस्त्याच्या कडेला पान्याने होते.

‘कोणी सांगितला’ या प्रश्नातच सगळ्यांत वजनदार आक्षेप दडलेला आहे. आपल्याकडे माणूस कागदावरून नव्हे तर ओळखीवरून पारखतात. शेजाऱ्याने, मेव्हण्याने, दुकानदाराने सांगितलेला प्लंबर हाच खरा परवानाधारक, असे बहुतेकांचे मत असते. त्यामागे मोठी परंपरा आहे. गावगाड्यात बलुतेदाराला परवाना लागत नव्हता, कारण गावाची आठवण हेच त्याचे दप्तर होते. सुताराने नांगर नीट केला नाही तर सुगीला बलुते मागताना चार माणसे त्याला ते ऐकवत. वतन पिढीजात असल्याने माणूस पळूनही जात नव्हता. भांडण गोतसभेपुढे गेले तर निवाड्याचा महजर होई. बारा बलुत्यांत नळ जोडणारा कोणी नव्हता, म्हणून त्याला ही चौकट मिळाली नाही. ती मिळाली असती तर कागदाची गरज पडली नसती, असा हा युक्तिवाद. तो मोहक आहे, पण त्या आठवणीची दुसरी बाजू तो सोयीस्करपणे सोडून देतो. ती आठवण सर्वांची नव्हती. ज्या गावात विहिरीचा चिरान्‌चिरा कोणी बसवला हे ठाऊक होते, त्याच गावात त्या विहिरीवर कोणी चढायचे नाही हेही ठाऊक होते. ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांना १८६८ मध्ये पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मुद्दाम खुला करावा लागला. ज्या साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, तिथेही पाणी त्यांना वरून कोणी ओतले तरच मिळे. १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असल्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने केला, तरी १९२७ मध्ये आंबेडकरांना महाडला चवदार तळ्यावर जावेच लागले.

हा इतिहास इथे आणण्याचे कारण भावनिक नाही. ओळखीवर चालणारी पारख ओळख असलेल्यांनाच उपयोगी पडते. साताऱ्यात चार पिढ्या काढलेल्या कुटुंबाला चांगला माणूस मिळतो; शाहूपुरीत किंवा विलासपूरला काल घर घेतलेल्या, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आलेल्या, आटपाडी-जतच्या दुष्काळातून सांगलीत उतरलेल्या माणसाला दुकानदार सांगेल तोच पदरी पडतो. दुसऱ्या बाजूने पाहा: हातात कसब आहे पण गावात मेव्हणे-पाव्हणे नाहीत, अशा कारागिराला या ओळखीच्या जाळ्यात शिरायला वर्षे जातात. उघडी नोंदवही दोघांचीही ओळख करून देते, आणि जात, आडनाव, पेठ न विचारता करून देते. म्हणून ‘आपला माणूस’ हाच खरा परवाना असे म्हणणाऱ्यांना मी परंपरावादी म्हणणार नाही. ते नकळत वतन राखत आहेत.

याच्या नेमका उलट आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो. नोंदीचा आग्रह धरला की बिनपरवान्याचे पण उत्तम काम करणारे कारागीर उपाशी मरतील. देशभर नळकाम करणारी कितीतरी माणसे ओडिशातल्या केंद्रापाडा भागातून येतात. कोलकात्यात इंग्रजी कंपन्यांच्या हाताखाली शिकलेल्या पहिल्या पिढीने पुढच्यांना शिकवले आणि धंदा घराण्याघराण्यांत पसरला. त्यांच्यातल्या अनेकांचे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रात मावणारे नाही. हे मान्य करूनही उत्तर असे की परवाना मिळवणे सोपे करावे आणि मिळाल्यावरची नोंद काटेकोर ठेवावी. आपण नेमके उलटे करतो. मिळवण्याच्या वाटेवर दाखले, खेटे, मधले हात. आणि एकदा मिळाला की पुढे कोणी विचारत नाही. आयटीआयचा नळ कारागीर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. अनुभवी माणसाची हाताने काम करून घेतलेली परीक्षा त्याच्या बरोबरीची मानायला काय हरकत आहे? ज्याचे काम चांगले त्याला नोंदीचा फायदाच जास्त, कारण आज त्याचे दहा वर्षांचे निर्दोष काम आणि कालच्या पोराचा पहिला खड्डा यांचा भाव सारखाच लागतो.

कोरी पाटी म्हणजे निर्दोष काम नव्हे, हेही खरे. तक्रार करायला लोक जात नाहीत. गेले तर ती तोंडी असते. लेखी असली तर ती ‘पाणी कमी येते’ अशा नावाने नोंदली जाते आणि प्लंबरच्या नावाशी तिचा संबंध लागत नाही. पण तक्रार का जात नाही? ती वाचणारा कोणी नाही हे माहीत असते म्हणून. नोंद वाचली जाऊ लागली की लिहिलीही जाऊ लागते. शिवाय कोऱ्या पाटीतूनही थोडे कळते. परवान्याचे नूतनीकरण मध्येच तीन वर्षे तुटले आहे आणि त्या काळातही कामे चालू होती, एवढे दिसले तरी घरमालकाला पुढचा प्रश्न सापडतो. तोटीचा वायसर बदलायला आलेल्या माणसाचा इतिहास उकरायचा का, असे कोणी थट्टेने विचारले तर उत्तर सोपे आहे: नको. दिल्लीच्या १९५७च्या महानगरपालिका कायद्यानेही किरकोळ कामाला लेखी परवानगीने सूट दिली आहे. त्याच कायद्यात एक तरतूद मात्र आपल्याकडच्यांनी डोळे उघडून वाचावी अशी आहे. परवानाधारक प्लंबरच्या कामाचा दर्जा, वापरलेला माल, झालेला उशीर आणि घेतलेले पैसे, या चारही बाबतींत घरमालकाच्या किंवा भाडेकरूच्या तक्रारी ऐकून निकाली काढण्यासाठी पालिकेने उपविधी करावेत, असे तो सांगतो. म्हणजे परवान्याचे तोंड ग्राहकाकडे वळवता येते हे आपल्याच देशातल्या कायदेकर्त्यांना सत्तरएक वर्षांपूर्वी सुचले होते. कॅलिफोर्नियात १९२९ पासून कंत्राटदारांच्या परवान्यांचे स्वतंत्र मंडळ आहे आणि आज तिथे काम देणारा कोणीही परवान्याचा क्रमांक घालून त्याची सद्यःस्थिती आणि झालेली कारवाई पाहू शकतो. ती सवय एका दिवसात लागलेली नाही.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर जी माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले, तिच्यात त्या प्राधिकरणाने दिलेल्या सवलती, परवाने आणि प्राधिकारपत्रे कोणाला मिळाली याचा तपशील येतो. प्लंबरचा परवाना हा परवानाच आहे. तो कोणाला दिला हे सांगण्यासाठी अर्जाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली नागरी स्वराज्य संस्थांच्या ज्या सेवा अधिसूचित झाल्या त्यांत नवीन नळजोडणीबरोबर प्लंबर परवाना देणे आणि त्याचे नूतनीकरण करणे याही आहेत. अनधिकृत जोडणीची आणि पाण्याच्या गुणवत्तेची तक्रारही आहे. म्हणजे प्लंबरला परवाना वेळेत मिळावा हा त्याचा हक्क झाला, नागरिकाला तक्रार करता यावी हाही हक्क झाला. या दोन रकान्यांची गाठ घालणे तेवढे राहिले. खाजगीपणाचा मुद्दा इथे पुढे करू नये. माणसाचा घरचा पत्ता आणि आधार क्रमांक झाकावा, जरूर झाकावा. पण सार्वजनिक नळाला भोक पाडण्याचा अधिकार ज्याने घेतला त्याचे नाव आणि काम गुप्त ठेवण्याचा प्रश्न येत नाही. तक्रार खोटी ठरली तर तीही तशी नोंदावी, म्हणजे स्पर्धकाने करवलेल्या बदनामीचा बंदोबस्तही त्याच पानावर होतो.

अडचण आहे ती दप्तरांच्या विखुरलेपणाची, आणि तिचाही इथे इतिहास आहे. १९४९ मध्ये साताऱ्यातून दक्षिण सातारा हा जिल्हा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली. नगरपालिकांचा कायदा गेला, महापालिकांचा लागू झाला, कचेऱ्या एक झाल्या. जमिनीखालचे नळ मात्र एकमेकांत मिसळत नाहीत, ते आपापल्या गावचे आणि आपापल्या जमान्याचेच राहतात. साताऱ्यात शहराच्या एका भागाला पालिका पाणी देते, दुसऱ्या भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण; २०२० मध्ये हद्दवाढ होऊन उपनगरे पालिकेत आली, तरी एका शहरात पाण्याची दोन घरे राहिली. एका घरच्या वहीत दोषी ठरलेला माणूस दुसऱ्या घरी नव्याने उभा राहू शकतो, जोवर वह्या एकमेकींना दिसत नाहीत. महापुराच्या वेळी ही उणीव सर्वांत जास्त टोचते. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या वस्तीत घुसले. ओसरल्यावर गाळात बुडालेल्या जोडण्या, तडकलेल्या टाक्या, उखडलेले सांधे यांची कामे एकाच आठवड्यात सगळ्यांना हवी असतात. तेव्हा ओळखीचा माणूस दहा ठिकाणी अडकलेला असतो आणि जो येईल त्याला काम मिळते. पालिकेच्या दारावर आणि फोनवर दिसणारी, शेवटच्या नूतनीकरणाच्या तारखेसह असलेली नावांची यादी त्या आठवड्यात पाण्याच्या टँकरइतकीच उपयोगी पडेल.

कऱ्हाडशेजारच्या मलकापूरने या बाबतीत एक वेगळीच वाट दाखवली, ती प्लंबरच्या परवान्याच्या हेतूने नव्हे. तिथे नगरपंचायतीने जीवन प्राधिकरणाच्या मदतीने चोवीस तास पाण्याची योजना केली, घरोघर मीटर बसवले, जुन्या लोखंडी जोडण्यांऐवजी एमडीपीई प्लास्टिकचे सलग पाइप घातले आणि जितका वापर तितका चढता दर लावला. नळात दाब सतत राहिला की बाहेरची घाण आत ओढली जाण्याचा मुख्य मार्ग बंद होतो; पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होते. मीटरच्या पुढचा सांधा गळला तर त्याची किंमत महिन्याच्या बिलात आकड्याने येते. ज्या गावात पाणी ठरावीक रकमेच्या पट्टीवर मिळते, तिथे वाईट नळकाम कोणालाच महाग पडत नाही, म्हणून ते कोणी केले हे विचारण्याची निकडही कोणाला वाटत नाही. मीटर आला की ती निकड घरमालकाला वाटू लागते आणि त्याच्या हातात पुरावाही येतो. जोडणी क्रमांक, मीटरचे वाचन, थकबाकी, मालकाचे नाव हे सगळे आज संगणकावर एका ओळीत असते. सातारा किंवा सांगलीत परवान्याचा मागचा हिशेब उघडा करायचा तर नवा कायदा, नवे खाते, नवा निधी यांतले काहीच लागणार नाही. त्या ओळीत जोडणाऱ्याच्या परवाना क्रमांकाचा रकाना वाढवावा लागेल आणि ती ओळ उलटीकडूनही, म्हणजे परवान्यावरून जोडण्यांकडे, वाचता आली पाहिजे.